संघ कोणाचा ?

खेळाडूंचा एखादा संघ ज्या गांवाच्या नांवानें ओळखला जातो त्या गांवाचा असतो, कीं त्यांत पैसा घालणाऱ्या धन्याचा असतो, हा प्रश्न वरवर पाहतां करमणुकीच्या सदरांत पडेल असा आहे. परंतु थोडा खोल विचार केल्यास मालकी, निष्ठा आणि परंपरा या तीन मोठ्या शब्दांचा अर्थच त्यांत पणाला लागलेला दिसतो. या प्रश्नाचीं सर्वांत बोलकीं उदाहरणें उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकीच्या इतिहासांत सांपडतात; म्हणून तो इतिहास आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्याकडे हॉकी म्हटली कीं हिरवें मैदान आणि ध्यानचंद डोळ्यांपुढें उभे राहतात. कॅनडांत तोच शब्द उच्चारला असतां गोठलेलें तळें दिसतें. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत वांकडी काठी आणि चेंडूच्या जागीं रबराची चपटी चकती, असा हा खेळ १८७५ च्या मार्चमध्यें मॉन्ट्रिअल येथें प्रथम छपराखालीं नियमबद्ध रीतीनें खेळला गेला. १८९२ सालीं कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं त्यासाठीं एक चषक दिला आणि १९१७ सालीं मॉन्ट्रिअलमध्येंच 'नॅशनल हॉकी लीग' ही धंदेवाईक संघांची संस्था स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तींत सहाच संघ होते. दोन कॅनडाचे व चार संयुक्त संस्थानांचे. परंतु बॉस्टन काय, डिट्रॉइट काय, हीं सारीं थंडीचीं शहरें. हिंवाळा आणि हॉकी हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत, असें त्या काळीं कोणासही सहज वाटलें असतें.

१९६७ सालीं सहांचे बारा संघ झाले आणि खेळ कॅलिफोर्नियांत पोंचला. १९८८ च्या ऑगस्टांत एडमंटनच्या धन्यानें वेन ग्रेट्झ्की या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूस लॉस अँजेलिसच्या हवालीं केलें व त्या व्यवहारांत दीड कोट डॉलर रोख घेतले. कॅनडांत सुतकी कळा पसरली. परंतु दक्षिणेंतही या खेळाला गिऱ्हाईक आहे, हें धनिकांच्या ध्यानांत आलें. पुढील दहा-बारा वर्षांत सॅन होजे, टॅम्पा, मायामीचा परिसर, ॲनाहाइम, नॅशव्हिल अशा ठिकाणीं नवे संघ उभे राहिले. ही झाली वाढ. तिच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट घडली, ती स्थलांतराची. १९९३ सालीं मिनेसोटाचा संघ डॅलसला गेला; १९९५ सालीं क्वेबेकचा डेन्व्हरला; १९९६ सालीं विनिपेगचा फीनिक्सच्या वाळवंटांत; आणि १९९७ सालीं हार्टफर्डचा नॉर्थ कॅरोलायनांत. क्वेबेकचा जो संघ गेला त्यानें डेन्व्हरमधील पहिल्याच हंगामांत, १९९६ सालीं, स्टॅन्ले चषक जिंकला. ज्यानें वर्षानुवर्षें पराभव सोसत वाट पाहिली त्याच्या पदरीं उपवास आणि काल आलेल्याच्या पानांत पक्वान्न, असा हा न्याय होता !

येथें दोन पक्ष उभे राहतात. पहिला परंपरेचा. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या मातीवर बर्फच पडत नाहीं तेथें हा खेळ नेणें म्हणजे बाजारासाठीं केलेला अधर्म होय. हें ऐकावयास गोड लागतें, परंतु इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. जमिनीखालून नळ्या घालून, त्यांतून अतिशय थंड केलेला द्रव खेळवून कृत्रिम बर्फ तयार करण्याची युक्ति १८७६ सालींच लंडनमध्यें वापरली गेली होती. पॅट्रिक बंधूंनीं १९११ सालीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथें हिंवाळा सौम्य असतो तेथें, व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया या गांवीं कृत्रिम बर्फाचीं क्रीडागृहें बांधलीं. त्यांच्याच मंडळांतील सिॲटलच्या संघानें १९१७ सालीं मॉन्ट्रिअलच्या संघाला हरवून स्टॅन्ले चषक नेला. म्हणजे आज आपण जिला जुनी परंपरा म्हणतों ती पुरती रुजण्यापूर्वींच हा खेळ तळें सोडून यंत्राच्या आश्रयाला गेला होता. परंपरा हवामानानें घडत नाहीं. ती मुक्कामानें घडते. बापानें लेकाला हात धरून सामन्याला नेलें, त्या लेकानें आपल्या मुलीला नेलें, हरलेल्या रात्रीं घरीं कोणी जेवलें नाहीं, जिंकलेल्या रात्रीं शेजाऱ्यांचीं भांडणें मिटलीं. एवढें झालें कीं परंपरा झाली. त्यासाठीं बाहेर बर्फ पडलाच पाहिजे असें नाहीं.

दुसरा पक्ष मालकीचा. तो म्हणतो : 'संघ ही मिळकत आहे. तोटा मी सोसतों, तर तो कोठें न्यावा हें मीच ठरवीन.' या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. विनिपेगच्या धन्यांना खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरांत द्यावे लागत आणि तिकिटांचें उत्पन्न मात्र कॅनडाच्या घसरत्या डॉलरांत येई. त्यांत क्रीडागृह जुनें. हा बुडीत धंदा त्यांनीं जन्मभर चालवावा, अशी सक्ती कोणता कायदा करील ? तरीही ही मिळकत इतर मिळकतींसारखी नाहीं. कापडाच्या गिरणीचें नांव बदललें म्हणून गिऱ्हाईक रडत नाहीं. संघाची किंमत मात्र ज्या गोष्टीनें होते ती गोष्ट, म्हणजे लोकांची निष्ठा, धन्यानें विकत घेतलेली नसते. ती त्याला फुकट मिळालेली असते. १९९५ सालीं विनिपेगमध्यें लोकांनीं सभा भरविल्या, वर्गण्या गोळा केल्या; लहान मुलांनीं गल्ल्यांतले खाऊचे पैसे आणून दिले. मुलानें गल्ला फोडला तो कोणा भागीदाराचा नफा वाढावा म्हणून नव्हे. त्याच्या लेखीं तो संघ त्याचा होता. ज्या वस्तूंत दुसऱ्याचें प्रेम गुंतलेलें आहे ती हातीं असणारा मनुष्य निव्वळ मालक नसतो, तो कांहीं अंशीं विश्वस्तही असतो. कायदा हें मानीत नाहीं. परंतु कायदा जेथें संपतो तेथेंच नीति सुरू होते.

आतां खरा कसोटीचा प्रसंग पाहूं. विनिपेगहून गेलेला संघ ॲरिझोनांत अठ्ठावीस वर्षें राहिला. ग्लेनडेल या उपनगरानें सार्वजनिक पैशावर त्याच्यासाठीं मोठें क्रीडागृह बांधलें. तें २००३ सालीं खुलें झालें. २००९ सालीं संघाचें दिवाळें वाजलें, तेव्हां लीगनें तो स्वतःच्या ताब्यांत घेतला. आणि तो हलूं नये म्हणून ग्लेनडेलनें दोन हंगामांत मिळून पांच कोट डॉलर मोजले. पुढें नगरपालिकेचाही धीर सुटला व २०२१ सालीं तिनें करार पुढें चालविण्याचें नाकारलें. मग हा संघ टेंपी येथें विद्यापीठाच्या सुमारें पांच हजार आसनांच्या क्रीडागृहांत बिऱ्हाड करून राहिला. मे २०२३ मध्यें टेंपीच्या मतदारांनीं नव्या क्रीडागृहाची योजना फेटाळली आणि एप्रिल २०२४ मध्यें संघ यूटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटीला रवाना झाला. 'वाळवंटांत बर्फ कसा टिकणार ? हें होणारच होतें,' असें म्हणून कॅनडांतील पुष्कळ जण हंसले. १९९६ सालीं विनिपेगसाठीं ज्यांचे डोळे भरून आले होते त्यांच्यापैकींही कांहीं त्या हंसण्यांत सामील असतील.

परंतु या अठ्ठावीस वर्षांत वाळवंटांत काय पिकलें तें पाहा. ऑस्टन मॅथ्यूज या नांवाचा एक मुलगा ॲरिझोनांत वाढला. तेथील संघाचे सामने पाहून त्याला या खेळाचें वेड लागलें आणि तेथल्याच कृत्रिम बर्फावर तो घसरावयास शिकला. २०१६ सालीं नव्या खेळाडूंच्या निवडींत सबंध जगांतून पहिला क्रमांक त्याचा लागला आणि टोरांटोच्या जुन्या व मानी संघानें त्याला घेतलें. २०२४ च्या ऑगस्टांत तो त्या संघाचा कर्णधार झाला. आणि ज्या संघाला पाहून तो खेळाकडे वळला तो ॲरिझोनांतून उठून त्याच वर्षीं गेला होता! ज्या प्रांताला हॉकी कळत नाहीं असें म्हणत, त्यानें हॉकीच्या माहेरघराला कर्णधार दिला. आणि त्याच वर्षीं त्या प्रांतांतील दुसऱ्या मुलांच्या पुढ्यांतून ताट ओढून घेण्यांत आलें. १९९६ सालीं विनिपेगच्या मुलावर जो अन्याय झाला तोच २०२४ सालीं ॲरिझोनाच्या मुलावर झाला. एकाचें दुःख खरें आणि दुसऱ्याचें हास्यास्पद, असा भेद करणारी नीति ही नीति नव्हे, तो केवळ प्रांताभिमान होय.

टेंपीच्या लोकांनीं स्वतःच नकार दिला ना, असें कोणी विचारील. त्यांनीं नकार दिला तो क्रीडागृहाच्या एका योजनेला. खेळाचा द्वेष म्हणून नव्हे. 'आमच्यावर प्रेम असेल तर इमारत बांधून द्या, नाहीं तर आम्ही चाललों,' ही भाषा प्रेमाची नव्हे, ओलीस धरणाऱ्याची आहे. आणि इमारत बांधूनही देव येतोच असें नाहीं. क्वेबेक शहरानें व प्रांतानें मिळून अठरा हजारांवर आसनांचें भव्य क्रीडागृह बांधलें. तें २०१५ च्या सप्टेंबरांत उघडलें. लीगनें पुढें लास व्हेगसला संघ दिला, सिॲटलला दिला. क्वेबेकच्या गाभाऱ्यांत मात्र त्यानंतर दहा वर्षें उलटलीं तरी मूर्ति आली नव्हती.

स्थलांतरांत आठवणींचीही कशी फरफट होते, हें विनिपेगच्या उदाहरणावरून दिसतें. २०११ सालीं अटलांटाचा संघ विनिपेगला गेला व त्यानें तेथलें जुनें नांव धारण केलें. परंतु जुन्या संघाचे विक्रम व इतिहास लीगच्या दप्तरीं ॲरिझोनाकडेच राहिले. विनिपेगच्या आजोबांनीं डोळ्यांनीं पाहिलेला पराक्रम कागदोपत्रीं दोन हजारांवर किलोमीटर दूरच्या शहराच्या मालकीचा ! फळ्या बदलत गेलेलें जहाज तेंच राहतें काय, असा कूटप्रश्न ग्रीकांनीं विचारला होता. येथें जहाज गेलें, खलाशी गेले, आणि बंदराच्या आठवणीही मालाबरोबर बांधून नेल्या. हें फार दूरचें वाटूं नये. क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेंत पुण्याच्या नांवानें २०११ ते २०१३ एक संघ खेळला व २०१६-१७ त दुसरा खेळला, दोन्ही गेले. त्यांचे विक्रम आज पुणेकरांपैकीं कोणास आपले वाटतात ? प्रेम जडण्यापूर्वींच मुक्काम हलला, म्हणून दुःख झालें नाहीं, एवढेंच.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. नव्या भूमींत खेळ नेणें हें पाप नव्हे; किंबहुना तें चांगलेंच आहे. रोप कोठेंही लावावें. पण झाड उपटणें ही निराळी गोष्ट आहे. लास व्हेगसमध्यें २०१७ सालीं नवा संघ उभा राहिला, तो कोणाच्या दारांतून उचलून आणलेला नव्हता. त्या वर्षीं १ ऑक्टोबरला त्या शहरांत भयंकर गोळीबार होऊन अनेक निरपराध माणसें मारलीं गेलीं. नऊच दिवसांनीं संघाचा घरचा पहिला सामना झाला आणि शोकाकुल शहरानें त्या संघाला तत्काळ आपलें म्हटलें. मुक्काम दीर्घ असावा लागतो हें खरें. परंतु संकटाचा एक दिवसही कधीं कधीं अनेक वर्षांचें काम करतो. रोप लावणाऱ्यावर मात्र एक ऋण चढतें. ज्या दिवशीं तो एखाद्या गांवाचें नांव आपल्या संघाला लावतो त्या दिवशीं त्यानें त्या गांवाकडून कांहीं उसनें घेतलेलें असतें, आणि तें दरवाजाला कुलूप लावून फिटत नाहीं.

हें स्वप्नरंजन आहे असें कोणी म्हणूं नये. विस्कॉन्सिन संस्थानांतील ग्रीन बे या सुमारें एक लाख वस्तीच्या गांवांत अमेरिकी फुटबॉलचा एक संघ आहे. १९२३ पासून तो नागरिक-भागधारकांच्या मालकीचा आहे. त्या भागांवर नफा मिळत नाहीं आणि तो कोणा एका धनिकाला विकत घेतां येत नाहीं. मोठमोठ्या शहरांचे संघ आले आणि गेले. हें लहानसें गांव आपल्या संघासह जागच्या जागीं आहे. सर्वच संघांना ही व्यवस्था लागू करतां येणार नाहीं. परंतु निदान जाण्यापूर्वीं गांवकऱ्यांना संघ विकत घेण्याची पहिली संधि द्यावी, आणि जावेंच लागलें तर नांव, विक्रम व आठवणी गांवाजवळ ठेवाव्या, एवढें तरी धन्यांना सांगतां येईल. खेळाडू, करार, यंत्रें हीं धन्याचीं. तीं त्यानें खुशाल न्यावीं. विनिपेगच्या मुलानें गल्ला फोडून दिलेले पैसे कदाचित् हिशेबाच्या वहींत जमा झाले असतील. ते ज्या भावनेनें दिले ती कोणाच्याही मालमत्तेंत मोजतां येणार नाहीं.