घरात गेलेली वर्षे

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात एकाच पगारावर लागलेले नवरा-बायको डोळ्यांसमोर आणा. दोघांचाही भविष्य निर्वाह निधी कापला जातो, दोघेही 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत. आठव्या वर्षी दुसरे मूल होते आणि त्याच सुमारास सासूबाई अंथरूण धरतात. घरी कोणी थांबायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारतही नाही. ती राजीनामा देते. निधी आणि पेन्शनचे जमलेले पैसे काढते, ते घराच्या हप्त्यांत जातात. तो तीस वर्षे पुरी करून निवृत्त होतो.

पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70, असा या योजनेचा हिशेब आहे. वीस वर्षे भरली की वर दोन वर्षे जास्तीची धरतात. पगार 15,000 धरला तर त्याला महिना 6,857 रुपये पेन्शन बसते. तिला काहीच नाही, कारण किमान दहा वर्षे भरलेली नाहीत. या सूत्रात बाई आणि पुरुष असा भेद कुठेच नाही, म्हणून ते निर्दोष वाटते. पण तीस वर्षे तो पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचला, तो कोणाच्या जिवावर? त्याचा डबा, मुलांचे आजारपण, त्याच्या आईचे पथ्यपाणी हे सगळे ज्या हातांनी केले, त्यांची वर्षे मात्र खात्यात जमा झाली नाहीत.

तो गेल्यावर तिला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, तीही पुनर्विवाह केला नाही तोवरच. नियम विधुरालाही तोच आहे. पण ज्याला स्वतःचे पेन्शन आहे त्याला तो फारसा जाचत नाही. महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले होते. आज वाळीत कोणी टाकत नाही, पण तिच्या हातातले जवळपास साडेतीन हजार रुपये काढून घेतले जातात. मला हा उघड अन्याय वाटतो.

घरातली कामे मोजायची कशी, असे यावर हमखास विचारले जाते. याचे उत्तर नाशिकपासून जवळच, सिन्नरला आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्या. 1977 मध्ये विडी उद्योग भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली आला आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकाही कामगारच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले. म्हणजे कायद्याने मनावर घेतले तर त्याला उंबऱ्याच्या आतले काम दिसते. त्याच ओसरीवर, विड्या वळता वळता तिने पायाने हलवलेला पाळणा तेवढा दिसला नाही. जर्मनीत 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, ते वाढवणाऱ्या पालकाच्या पेन्शन खात्यात तीन वर्षे जमा होतात. आपल्याला त्यातले एक वर्षही अवघड का वाटावे?

आपल्याकडे ज्यांना कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन मिळते त्यांचीही कथा फार वेगळी नाही. सप्टेंबर 2014 मध्ये किमान रक्कम 1,000 रुपये ठरली. नगावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगार बाईच्या नशिबी बहुधा तेवढीच येते. किमान साडेसात हजार द्या, ही बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी अजिबात अवाजवी नाही. राज्याची ‘लाडकी बहीण’ योजना महिना 1,500 रुपये देते, पण वयाच्या 65 वर्षांपर्यंतच; हातपाय थकायला लागतात, नेमके त्याच वयात ते थांबतात.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक मुलीला तिच्या कारखान्यातल्या कोणीतरी एवढे सांगावे: फॉर्म 10-सी भरताना पेन्शनचे पैसे काढू नकोस, योजना प्रमाणपत्र माग. मूल मोठे झाल्यावर पुन्हा कामाला लागलीस, तर ही आठ वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात. आणखी दोन वर्षे भरली की स्वतःच्या नावाच्या पेन्शनचा हक्क मिळतो.