चौकटीबाहेरचे वेसावे
विल्यम जॉन्सनच्या १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांत मुंबईतील जातिजमातींची छायाचित्रे आहेत. माणसे एका ठिकाणी टिपलेली, पार्श्वभूमी दुसरीकडची. दोहोंचा सांधा अंधारखोलीत जुळविलेला. ही लबाडी उघड असल्याने तिचा निषेधही सोपा.

अंधेरीनजीकच्या वेसावे कोळीवाड्यात आज काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. वलांडीवर वाळणारे बोंबील, टोपलीमागे बसलेली कोळीण : यांत काहीच चिकटविलेले नसते. मात्र मागच्या उंच इमारती चौकटीतून कटाक्षाने वगळलेल्या असतात. जॉन्सन पार्श्वभूमी जोडीत असे, आजचा छायाचित्रकार ती तोडतो. दोहोंकडे व्यक्तीचा नमुना होतो. संमती घेतली होती, हा बचाव येथे अपुरा पडतो. कोळिणीची संमती छायाचित्रापुरती असते, त्याखाली ‘पारंपरिक जीवन’ असे लिहिण्याला नसते. सुसान सोंटॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’त कॅमेऱ्याच्या आक्रमकतेची चर्चा केली आहे, प्रस्तुत ठिकाणी आक्रमण मथळ्याचे अधिक आहे. (‘ग्रामीण’ हे विशेषण लावून कथा बाजूला सारणाऱ्या समीक्षेला ही सत्ता परिचित असावी.)

त्याच कोळिणीच्या घरातील भिंतीवर नारळी पौर्णिमेचे कौटुंबिक छायाचित्र असेल, तर त्याखाली मथळा नसतो. त्यातील नावे घरच्यांना ठाऊक असतात.