चढणीची भूक

कष्टाची भाकरी गोड लागते, याविषयी कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीशी. ज्याने कष्ट केले त्याचाच त्या भाकरीवर खरा अधिकार, असे अनुमान आपण त्या गोडीतून नकळत काढतो. ते टिकते की नाही हे मात्र क्वचितच तपासतो. आम्ही ते येथे आल्प्स पर्वताच्या संदर्भात तपासणार आहोत. अन्न, श्रम आणि आसरा यांचा परस्परसंबंध तेथे जितका उघडा दिसतो तितका सपाटीवर दिसत नाही.

आल्प्समध्ये झाडांची हद्द संपते त्याच्याही वर ठिकठिकाणी पथिकगृहे आहेत. त्यांतील पुष्कळशी गिर्यारोहक मंडळांनी बांधली. ऑस्ट्रियाचे मंडळ १८६२ चे, स्वित्झर्लंड व इटली यांची १८६३ ची, जर्मनीचे १८६९ चे. स्विस मंडळाने पहिले पथिकगृह स्थापनेच्याच वर्षी तोदी पर्वतावर उभारले. इटलीचे मार्गेरिता गृह ४,५५४ मीटर उंचीवर आहे. १८९३ साली राणी मार्गेरिता स्वतः तेथपर्यंत गेली होती. तथापि, शिखराशी काही कर्तव्य नसलेली माणसेही या घरांकडे मोठ्या संख्येने येतात. दोन-चार तासांची चढण चढावी, लाकडी बाकावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसावे, जेवावे आणि उतरावे, एवढाच त्यांचा बेत. पुढ्यात येते ते साधेच अन्न: बटाट्याचा कीस तव्यावर खरपूस परतून केलेली रोश्टी, गरम रश्शात सोडलेले चीजचे गोळे, किंवा अंडी-मैद्याचे जाड धिरडे तोडून वर साखर भुरभुरलेले. (आमच्या शाकाहारी वाचकांनी विचारून घ्यावे, गोळे चीजचे असले तरी रस्सा बहुधा मांसाचा असतो.) हेच पदार्थ खाली दरीतल्या खाणावळीत कोणी वाखाणणार नाही. वर मात्र माणूस ताट पुसून खातो आणि म्हणतो, हे मी कमावले.

या वाक्यापाशी आम्ही थांबतो. त्याने नेमके काय कमावले? भूक कमावली, हे निर्विवाद. परंतु पीठ, बटाटे, चीज आणि चुलीचे सरपण त्याच्या पाठीवरून वर आलेले नाही. पूर्वी ते खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवरून येत असे. आज मालवाहू दोरवाटेने किंवा हेलिकॉप्टरने येते. पाणी वरच्या बर्फाच्या वितळीवर अवलंबून असते आणि हिमनद्या मागे हटू लागल्यापासून कित्येक घरांना त्याची चणचण भासते. पाहुण्याने मोजलेल्या दामातून हा खर्च भागतो खरा. पण मग त्याचा अधिकार दामातून आला, घामातून नव्हे. दोन्ही खाती एकत्र करून त्याच व्यवहारावर दुसऱ्यांदा हक्क सांगणे कोणत्याही न्यायालयात चालणार नाही.

असे असूनही पायी आलेला मनुष्य पाळण्यात बसून वर आलेल्याकडे किंचित तुच्छतेने पाहतो. पंढरीची पायी वारी करणाऱ्याला बसने आलेल्याविषयी कधी कधी जे वाटते, त्याच जातीची ही भावना. ती निरुपद्रवी आहे असे समजण्याचा मोह होतो. आम्हांस ती तशी वाटत नाही. अन्न कमाईचे ठरले की कोणाची कमाई ग्राह्य धरायची हे ठरविणारा कोणीतरी लागतो, आणि ठरविणारा क्वचितच घामावर थांबतो.

याचा दाखला त्याच पर्वतात आहे. १९२१ साली व्हिएन्नातील ‘ऑस्ट्रिया’ या शाखेने ज्यूंना सभासदत्व नाकारणारा नियम केला. वगळल्या गेलेल्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘डोनाउलांड’ नावाची निराळी शाखा काढली. १९२४ च्या डिसेंबरात जर्मन-ऑस्ट्रियन मंडळाने त्या शाखेलाच बाहेर काढले. पुढे कित्येक पथिकगृहांच्या दारांवर ज्यू आणि डोनाउलांडचे सभासद येथे नकोत, अशा पाट्या लागल्या. त्या दाराशी पोहोचलेला ज्यू तीच चढण चढून आलेला होता. त्याचे श्वास तितकेच लागलेले, भूक तितकीच खरी. श्रमाने अन्नावर अधिकार मिळत असता तर तो त्यालाही मिळाला असता. आत बसलेल्यांपैकी कोणी त्याच्या घामाचा हिशेब मागितला नाही. झिलरटालच्या डोंगरात सुमारे २,५०० मीटरांवर फ्रीझनबेर्गहाउस आहे, ते अशा बहिष्कृतांच्या बर्लिनमधील मंडळाने बांधले. आज ते द्वेष व असहिष्णुता यांच्याविरुद्धच्या भेटीगाठींचे स्थान झाले आहे.

पंक्तिभेद हा शब्द आपल्याच भाषेतला आहे, हे आम्ही आमच्या देवस्थानी वाचकांस सांगावयास नको. पंढरीचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण मांडावे लागले. त्या दाराबाहेर राहिलेले वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पायीच आले होते.

मग अन्नावरचा अधिकार कशातून येतो? आम्हांस वाटते की उत्तर त्या घरांच्या नावातच आहे. फ्रेंच लोक त्यांना ‘रफ्यूज’ म्हणतात, इटालियन ‘रिफूजो’. दोहोंचा अर्थ आसरा. आसऱ्याला एकच प्रश्न विचारता येतो: तुम्ही आलात काय? स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने मठ स्थापिला. व्यापारी, यात्रेकरू, चोरांनी लुटलेले, हिमवादळात चुकलेले, सर्व त्या दाराशी येत. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनचे सैन्य त्याच खिंडीतून गेले, त्यालाही मठवासीयांनी खाऊ घातले. त्यात पुण्यवान किती होते? आजही तेथे उन्हाळ्यात मोटारी जातात. हिवाळ्यात रस्ता बुजतो आणि बर्फावरून पायी किंवा स्कीवरूनच पोहोचावे लागते. दार दोन्ही ऋतूंत तेच. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वस्तीला आलेल्या कोणासही परत न पाठविण्याचे व्रत सांगितले आहे, आणि त्यासाठी पुष्कळ अन्न मिळवून ठेवावे असेही. मिळविण्याचे काम तेथे यजमानाकडे आहे, अतिथीकडे नाही. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

येथे कोणी विचारील, मग चढून येण्याला काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो ऋणाच्या बाजूला जमा होतो, हक्काच्या नव्हे. पुष्कळ पथिकगृहांत रखवालदार हिवाळ्यात खाली उतरतो, तेव्हा एक खोली मागे उपलब्ध ठेवली जाते. आत चूल, फोडलेली लाकडे, घोंगड्या, एक वही आणि पैशांची पेटी. आलेल्याने नाव लिहावे, उद्या कोठे जाणार ते लिहावे (शोध घेण्याची वेळ आली तर तोच धागा), वापरले त्याचे पैसे पेटीत टाकावे, खोली झाडावी. पाहणारा कोणी नाही. आम्हां वकिलांचा सारा पेशा साक्षीदारावर उभा आहे, म्हणूनच हे साक्षीविना चालणारे देणे आम्हांस थक्क करते. कोणी बुडवीतही असतील. तरीही पेट्या ठेवल्या जातात. थंडीत पाय ओढीत आलेल्याला आयते सरपण सापडते, तेव्हा ते कोणी तरी आणून ठेवले हे त्याला कळल्यावाचून राहत नाही. पाळण्यातून आलेल्याला ते कळायला कदाचित थोडा वेळ लागेल. फरक असला तर एवढाच.

आताशा जागा आगाऊ राखून ठेवावी लागते, आणि ते रास्तही आहे. स्वयंपाकिणीला ताटे मोजावी लागतात. परंतु अंधार पडता पडता, वादळात, नाव न नोंदविलेला एखादा पोहोचला तर? उजेड आणि हवा असेल तर रखवालदार त्याला खालच्या घराकडे वाट दाखवतो. नसेल तर जेवणघरातले बाक सरकवतो, जमिनीवर गादी टाकतो आणि उरलेला रस्सा पुन्हा चुलीवर चढवतो.