सवलत कोणाला, पैसा कोणाचा?



गेल्या महिन्यात एका रविवारी पहिल्या मिस्सानंतर मी माझी विजेची स्कूटर बाहेर काढीत होतो. भाजी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या आपल्या एक मावशी तेथे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "फादर, ह्या गाडीला सरकारने पैसे दिले म्हणतात, खरं का?" मी म्हटले, "हो मावशी, दिले." "किती?" मी आकडा सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तीस वर्षं ट्रेनने जाते. माझा काही धूर नाही. मला कोणी दिले नाहीत." एवढे बोलून डोक्यावरचा पदर सावरीत त्या घरी गेल्या.

मला उत्तर सुचले नाही. तत्त्वज्ञानाची पदवी असून सुचले नाही. नंतर जे सुचले ते येथे लिहीत आहे.

प्रथम तो आकडा. मी गाडी घेतली ती मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात. त्या वेळी केंद्र सरकारच्या 'फेम-२' योजनेत विजेच्या दुचाकीला, बॅटरीत जितके युनिट वीज मावते त्या प्रत्येक युनिटमागे १५,००० रुपये मिळत. मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांची. १ जूनपासून ती रक्कम १०,००० रुपये आणि मर्यादा १५ टक्के होणार होती. माझी बॅटरी तीन युनिटची, म्हणजे ४५,००० रुपये. हे पैसे आपल्या हातात येत नाहीत. कंपनी किमतीतून वजा करते आणि सरकारकडून मागून घेते. त्या आठवड्यात शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी होती आणि त्या गर्दीत मीही होतो. पृथ्वीची काळजी आम्हा सर्वांना त्याच आठवड्यात एकाएकी वाटू लागली होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मग हे चांगले कृत्य, की नुसता सौदा? पुण्याच्या सेमिनरीत आम्हाला कांटचा दुकानदार शिकवला होता. १७८५ च्या आपल्या ग्रंथात कांट म्हणतो की, गिऱ्हाईक टिकावे म्हणून जो दुकानदार लहान मुलालाही योग्य भावात माल देतो, त्याचे वागणे बरोबर असले तरी त्याला नैतिक मोल नाही, कारण तो कर्तव्यासाठी नव्हे, फायद्यासाठी तसे वागला. ह्या हिशेबाने माझ्या स्कूटरचे नैतिक मोल शून्य!

मला हे पुरते पटत नाही. ऍरिस्टॉटलने म्हटले आहे की, माणूस सद्गुणी होतो तो सवयीने, आणि चांगले कायदे ती सवय लावतात. आपण वेदीसेवक मुलांना वर्षाअखेरीस सहलीला नेतो म्हणून त्यांची वर्षभराची सेवा खोटी ठरत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. ज्याने सवलत घेतली त्याने पुण्याचा आव आणू नये. मी प्रवचनात दोनदा माझ्या स्कूटरचा दाखला दिला होता. आता देणार नाही.

मावशींचा प्रश्न मात्र माझ्या हेतूचा नव्हताच. तो न्यायाचा होता. संत थॉमस अक्वायनस न्यायाचे प्रकार सांगताना वाटपाच्या न्यायाचा वेगळा विचार करतात: जे सर्वांचे आहे ते एकेकाला कोणत्या प्रमाणात द्यावे? ४५,००० रुपये सर्वांचे होते. मावशींचेही होते, कारण त्या आयकर भरत नसल्या तरी साबणावर, काडेपेटीवर कर भरतातच.

सवलतीच्या बाजूचे म्हणणे मी आधी मांडतो, कारण ते खरे आहे. हवा सर्वांची आहे. मी धूर केला नाही तर फायदा एकट्या माझा नाही, फाटकापाशी दुकान मांडून बसणाऱ्या माणसाचाही आहे. नवी वस्तू सुरुवातीला महाग असते. चार लोकांनी घेतली की स्वस्त होते. म्हणून सुरुवातीला हात द्यावा आणि मग काढून घ्यावा. तसे होतही आले आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत दुचाकीला युनिटमागे ५,००० रुपये ठेवले आणि एप्रिल २०२५ पासून २,५०० केले. शिवाय त्या योजनेत खाजगी मोटारीला पैसा ठेवला नाही. दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांना ठेवला. हे मला योग्य वाटते. रिक्षावाला दिवसभर रस्त्यावर असतो. त्याचा धूर थांबला तर माझ्या धुरापेक्षा कितीतरी जास्त हवा सुधारते, आणि त्याची मिळकतही वाढते.

अडचण येते ती दुसऱ्या दाराने दिलेल्या सवलतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाच्या साबणावर आता ५ टक्के. कामावर जाण्यासाठी एखादा तरुण साधी पेट्रोलची स्कूटर घेतो, तिच्यावर १८ टक्के. आणि विजेची मोटार, मग ती दहा लाखांची असो की एक कोटीची, तिच्यावर ५ टक्के, साबणाएवढाच. आपल्या राज्यात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांच्या वरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. विजेच्या बसगाड्यांनाही झाला, हे सांगितले पाहिजे. पण तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला हात देऊन उभे करावे लागते काय? तो उभाच आहे. अशा ठिकाणी सवलत ही मदत राहत नाही, बक्षीस होते, आणि तेही मावशींच्या खिशातून.

लोकलचा पासही तोट्यात दिला जातो, हे मी विसरलेलो नाही. मावशींना तसे काहीच मिळाले नाही असे नव्हे. पण पासाची सवलत गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मिळते.

आता चार्जिंगचे. ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याची गाडी रात्री घरच्या विजेवर भरते आणि दोन लिटर पेट्रोलचे दोनशेवर रुपये वाचतात. चौथ्या मजल्यावर, पार्किंग नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने वायर कोठून सोडायची? म्हणजे सवलत पुन्हा अंगणवाल्याला. आणि धूर तरी कोठे जातो? देशातली सुमारे ७० टक्के वीज कोळशाची आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीज केंद्र आहे. माझ्या गाडीचा धूर कोणत्या चिमणीतून निघतो हे मला ठाऊक नाही, पण तो कोणाच्या तरी वाडीवर निघतो. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटारीत फार थोडी. म्हणून एकूण हिशेबात विजेची गाडी बरी, हे मी मानतो. पण 'धूर नाही' असे मावशी म्हणू शकतात तसे मी म्हणू शकत नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण पॅरिश कौन्सिलपुढे आलेली एक सूचना आहे. चर्चच्या आवारात चार्जिंगची सोय करावी आणि उत्तेजन म्हणून पहिले वर्षभर वीज मोफत द्यावी, असे काही तरुणांनी सुचवले आहे. त्यांची तळमळ मला आवडली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात खनिज इंधनापासून दूर जायला सांगितले, त्याचा दाखलाही त्यांनी दिला. पण मोफत म्हणजे दानपेटीतून, आणि दानपेटीत टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे अशी गाडी नाही. माझे मत असे: सोय करावी, मीटर लावावा, जो भाव चर्चला पडतो तोच घ्यावा. सवलत द्यायचीच तर ती आपल्या धर्मग्रामातील रिक्षाचालकांना द्यावी, आणि किती महिने ते आधीच ठरवावे. तुमचे मत वेगळे असू शकते. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सभा आहे, तेथे ते सांगा.

आणखी एक. माझी स्कूटर मे २०२३ पासून चर्चच्या घराच्या पडवीत, चर्चच्या मीटरवर भरली जाते. महिन्याला वीस-बावीस युनिट. हा हिशेब मी मावशींच्या प्रश्नापूर्वी कधी केला नव्हता. आतापर्यंतची रक्कम मी चर्चच्या खात्यात भरली आहे, पावती सूचनाफलकावर लावली आहे, आणि पडवीत वेगळा मीटर बसवला आहे. कोणीही येऊन वाचावा.

आपला,
धर्मगुरू