मुलांच्या हाती पैसा सोपवण्यापूर्वी



पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये अनाथांचा सांभाळ करणाऱ्यांना अल्लाहने एक आदेश दिला आहे. अनाथ मुले विवाहयोग्य वयाला पोहोचेपर्यंत त्यांची परीक्षा घेत राहावी, त्यांच्यात समज आल्याचे आढळले की त्यांची संपत्ती त्यांच्या स्वाधीन करावी आणि ती देताना साक्षीदार ठेवावेत, असा सहाव्या आयतीचा आशय आहे.

येथे केवळ वय पुरेसे मानलेले नाही. वयासोबत समज हवी, आणि ती आली की नाही हे परीक्षेवाचून कळत नाही. मुलाला थोडी रक्कम देऊन खरेदी-विक्री करू द्यावी आणि त्याची पारख करावी, असे धर्मशास्त्रकारांनी म्हटले आहे. दुसऱ्याच्या मुलांविषयी इतकी दक्षता सांगितली असेल, तर पोटच्या मुलांविषयी आपली जबाबदारी किती मोठी!

आपण मुलांना सातव्या वर्षी नमाजची ताकीद करतो, कुरआनपठणासाठी मक्तबमध्ये पाठवतो. मात्र घरात पैशाचा विषय निघाला की त्यांनाच बाहेर जायला सांगतो. वडिलांचे उत्पन्न किती, घरावर कर्ज किती, हे त्यांना ठाऊक नसते. मग अठरा वर्षे पूर्ण होतात. कायद्याने तो सज्ञान झाला. आता त्याच्या सहीवर कर्ज मिळू शकते. महागडा मोबाईल हप्त्यावर येतो, व्याज चढत जाते आणि वसुलीचे फोन सुरू झाल्यावर आई-वडिलांना कळते. ज्या व्याजाला अल्लाहने निषिद्ध ठरवले, ते मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटांनी घरात शिरते. अशा वेळी केवळ मुलाला दोष देणे न्यायाचे नाही. आपण त्याची परीक्षा कधी घेतली होती?

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांना एक दीनार देऊन बकरी आणावयास पाठवले. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक एका दीनारला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून दिले. पैगंबरांनी (स.) त्यांच्या व्यवहारात बरकत व्हावी अशी दुआ केली. रक्कम लहान होती. विश्वास मोठा होता.

म्हणून सुरुवात लहान रकमेपासून करा. महिन्याचा खर्च एकदम हाती द्या आणि मध्येच संपला तर लगेच भरून देऊ नका. चार दिवसांची ती अडचण उद्याच्या कर्जापासून वाचवील. ईदी मिळाली की त्यातील काही सदका, काही बचत आणि काही खर्च असे वाटे मुलाने स्वतः करावेत. एका वहीत जमा-खर्च लिहावा. भावाकडून उसने घेतले तरी रक्कम व मुदत लिहून ठेवावी. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. उधळपट्टी आणि कंजूषपणा या दोहोंच्या मधला मार्ग श्रद्धावंतांचा आहे, हे वहीच्या पानावर त्याला दिसू लागेल.

रमजानमध्ये जकातचा हिशेब करताना मुलांना शेजारी बसवा. रोकड, सोने, व्यापारी माल किती, देणी किती आणि अडीच टक्के कसे निघतात, हे ते पाहतील. एक लाखावर अडीच हजार हा आकडा शाळेच्या गणितात परका वाटतो, घरात तो इबादत होतो.

मुलींना यातून वगळू नका. महर तिचा आहे, वारशातील वाटा तिचा आहे. अल्लाहने तो नेमून दिला आहे. ज्या मुलीला हिशेब येत नाही, तिचा हक्क गोड बोलून काढून घेणारे आप्त अनेकदा घरातच भेटतात. हक्क शिकवणे आणि हक्क देणे, दोन्ही आई-वडिलांचे कर्तव्य आहे.

आणि शेवटी स्वतःकडे पाहा. आपण हप्त्यांवर लग्ने थाटली, तर मुले वही नव्हे, आपले वागणे वाचतील. कियामतच्या दिवशी संपत्ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली, हे प्रत्येकाला विचारले जाणार आहे. त्या हिशेबाची सवय या घरापासूनच लागू द्या.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल रोजी, समज आणि बरकत देवो. आमीन.