भाषेला कुंपण घालण्याआधी

तात्या टोपे नगर, भोपाळ

चि. बाळास,


तुझ्या भाषणाचा मसुदा पोचला. पाठकोऱ्या कागदांवर लिहिलंस हे पाहून फार बरं वाटलं. एका बाजूनं कोरा असलेला कागद टाकून द्यायची सवय आपल्या घरात कुणाला नव्हती, ती तुलाही लागली नाही. मसुदा मी दोनदा वाचला, एकदा रात्री आणि एकदा पहाटे, कारण रात्री वाचलेल्याचं खरं मोल मला पहाटेच कळतं. भाषण छान आहे गं. पण दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, ‘उर्दू पाकिस्तानची, पंजाबी पंजाबची, मराठी महाराष्ट्राची, ज्याची भाषा त्याचा देश.’ या वाक्याला टाळ्या पडतील हे मला माहीत आहे, आणि ते लिहिताना तुझ्या मनात कुणाविषयी वाकडं काही नव्हतं हेही माहीत आहे. मला काळजी वाटते ती फक्त त्यातल्या घाईची. म्हणून हे लांबलचक पत्र. अभ्यास आटोपल्यावर सावकाश वाच.

तुझ्या वाक्याप्रमाणे पाहिलं तर बाळा, तुझ्या आजीनं जायचं कुठे? १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि माझे वडील मात्र सचिवालयातल्या फायलींच्या मागोमाग बायकामुलांसकट इकडे आले. प्रांत भाषेवरून आखले गेले होते, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं हिंदी प्रांतात राहायला आली. इथल्या सरकारी क्वार्टरांत तेव्हा एका ओळीत नागपूरचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे, रीव्याचे लोक राहत, आणि नळावर सगळ्यांच्या बायका एकमेकींच्या बोलीतले शब्द उचलत. आमच्या आईनं घरात मराठी सोडली नाही आणि बाहेर हिंदीला परकं मानलं नाही. आम्ही कमी मराठी झालो असं मला कधी वाटलं नाही, आणि कमी भोपाळचे झालो असंही नाही.

आमच्या शेजारी फाळणीनंतर लाहोरकडून आलेलं एक हिंदू पंजाबी कुटुंब होतं. काका रोज सकाळी ओट्यावर बसून उर्दू वर्तमानपत्र वाचत, त्यांचं रामायणसुद्धा उर्दू लिपीतलं होतं, आणि काकू लेकरांना रागवायच्या आणि जवळ घ्यायच्या त्या दोन्ही वेळी अस्सल पंजाबीत. १९६१ ची जनगणना झाली तेव्हा प्रगणकानं काकांना मातृभाषा विचारली आणि ते म्हणाले, हिंदी. मी तिथेच होते, शाळेत जाणारी पोर. काकू आतून बाहेर आल्या, काहीतरी बोलायला म्हणून उभ्या राहिल्या आणि न बोलताच परत आत गेल्या. खूप वर्षांनी मी काकूंना त्याबद्दल विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘बेटा, उस वक्त सब यही लिखवा रहे थे.’

सगळे तसं का लिहवत होते, ते नीट समजून घे, कारण तुझ्या भाषणाचा गाभा तिथे आहे. इंग्रजांनी १८४९ मध्ये पंजाब घेतला आणि काही वर्षांतच तिथल्या कचेऱ्यांत आणि शाळांत उर्दू आणली. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या पंजाबी मुलं, मग ती हिंदू असोत, शीख असोत की मुसलमान, घरी पंजाबी बोलत आणि शाळेत उर्दू लिहीत. राजेंद्रसिंह बेदी पंजाबी घरातले आणि कथाकार उर्दूचे. आपले डॉ. मनमोहन सिंग हिंदीतून भाषण करत तेव्हा त्यांच्या हातातला कागद बहुधा उर्दू लिपीत असे. मग देश स्वतंत्र होताना आणि त्यानंतर एक विलक्षण वाटणी सुरू झाली. उर्दू मुसलमानांची, हिंदी हिंदूंची, पंजाबी शिखांची, असं लोक मनानं ठरवू लागले. पंजाबी हिंदूंना सांगितलं गेलं की जनगणनेत हिंदी लिहा. १९५१ ला हा वाद इतका पेटला की पंजाबातले हिंदी आणि पंजाबी भाषकांचे आकडे वेगळे देताच आले नाहीत, एकत्र छापावे लागले. पुढे १ नोव्हेंबर १९६६ ला भाषेवरूनच पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले. ज्या भाषेत आईनं अंगाई म्हटली ती भाषा आपली नाही असं लाखो माणसांनी सरकारी कागदावर लिहवून दिलं. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना कुणीतरी घाई केली होती, आणि आपणही घाईनं एका बाजूला उभं राहिलं पाहिजे असं त्यांना वाटलं होतं.

आता उर्दूकडे येते. इथल्या जुन्या शहरात शीशमहालासमोर इक्बाल मैदान आहे, लहानपणी तू तिथे कबुतरांच्या मागे धावली आहेस. ज्यांच्या नावाचं ते मैदान, ते कवी डॉ. महंमद इक्बाल १९३५ आणि १९३६ या वर्षांत गळ्याच्या आजारावर उपचार करून घ्यायला भोपाळला येत. कधी त्यांचे स्नेही सर रॉस मसूद यांच्या रियाज मंझिलमध्ये, कधी शीशमहालात उतरत. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान यांनी इक्बालांना महिना ५०० रुपयांचं मानधन लावून दिलं, आणि १९३६ मध्ये निघालेला ‘जर्ब-ए-कलीम’ हा संग्रह इक्बालांनी नवाबांना अर्पण केला. त्यातल्या काही कविता इथेच लिहिलेल्या आहेत. (पुढच्या खेपेला तुला रियाज मंझिल दाखवायची आहे, पण ती सकाळी लवकर. उन्हं चढल्यावर माझे गुडघे ऐकत नाहीत.)

या एका माणसाकडे जरा वेळ लावून बघ. जन्म सियालकोटचा, घरची बोली पंजाबी, पूर्वज काश्मिरी पंडित, कविता उर्दूत आणि त्याहून जास्त फारसीत. १९०४ मध्ये त्यांनी ‘तराना-ए-हिंदी’ लिहिला, तो तू शाळेच्या प्रार्थनेत गायली आहेस. १९३० मध्ये अलाहाबादला मुस्लीम लीगच्या अध्यक्षपदावरून त्यांनी वायव्येकडच्या मुसलमानबहुल प्रांतांचं एक राज्य असावं असं मांडलं, आणि आज पाकिस्तान त्यांना राष्ट्रकवी मानतं. त्यांचं ते भाषण मला पटत नाही, आणि त्यातून पुढे जे घडलं त्याची झळ आमच्या शेजारच्या काकूंनी सोसली. पण तराना आपण टाकला नाही, मैदानाचं नाव बदललं नाही, आणि उर्दू साहित्यासाठी मध्य प्रदेश सरकार जो सन्मान देतं तो इक्बालांच्याच नावाचा आहे. एका भाषेत लिहिलेलं सगळं एका देशाच्या नावावर चढवायचं म्हटलं तर या माणसाची वाटणी कशी करशील? मला तरी जमलेली नाही, आणि करावीशीही वाटत नाही.

‘उर्दू पाकिस्तानची’ हे आकड्यांनीही टिकत नाही, आणि भाषणाला आकडे लागतात म्हणून सांगते. पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेत मातृभाषा उर्दू सांगणारे शंभरात सुमारे ७ जण होते आणि पंजाबी सांगणारे सुमारे ३९. म्हणजे तिथे सर्वांत जास्त घरांत पंजाबी बोलली जाते, पण राष्ट्रभाषा उर्दू, आणि पंजाबी मुलं शाळेत पंजाबीतून शिकत नाहीत. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत उर्दू ही मातृभाषा सांगणारे ५ कोटींच्या वर होते, पाकिस्तानातल्या उर्दूभाषकांच्या तिपटीहून जास्त. त्यातले सुमारे ७५ लाख आपल्या महाराष्ट्रातले, मालेगाव-भिवंडीपासून औरंगाबाद-नांदेडपर्यंतचे. त्यांना तू कुठल्या देशाची भाषा बोलता म्हणून विचारशील?

‘एक देश, एक भाषा’ अशी घाई कुठवर नेते ते आपल्या पूर्वेला दिसलं. २१ मार्च १९४८ ला ढाक्यात जीनांनी सांगितलं की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच असेल. देशातली अर्ध्याहून अधिक माणसं तेव्हा बंगाली बोलत होती. २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथे विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, १९५६ मध्ये बंगालीला राज्यघटनेत जागा मिळाली, आणि तरी मनं सांधली नाहीत. १९७१ मध्ये बांगलादेश झाला. तीच तारीख, २१ फेब्रुवारी, आता जगभर मातृभाषा दिवस म्हणून पाळतात. ती तुझ्या मसुद्यात नाही, घाल.

आणि हे फक्त दुसऱ्यांच्या घरातलं आहे असं समजू नकोस, राणी. तुझ्या आजोबांचे वडील परभणीचे, निजामाच्या राज्यात वाढलेले. दरबारची भाषा उर्दू, सरकारी कचेऱ्यांपासून न्यायालयापर्यंत उर्दू, आणि १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तिथे वैद्यक आणि कायदासुद्धा उर्दूतून. देशी भाषेत एवढं मोठं शिक्षण उभं केलं हे कौतुकाचंच होतं, पण ज्या मुलांच्या घरात मराठी, कानडी, तेलुगू होती त्यांच्यासाठी ती पुन्हा दुसऱ्याचीच भाषा झाली. पणजोबा सांगत, शाळेत गणित उर्दूतून घोकायचं आणि घरी येऊन आईला ते मराठीत समजावून सांगताना दोन्हीकडून अडखळायचं. आपली मराठी शाळा नाही याची सल त्यांना जन्मभर राहिली, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा त्यांनी गावात साखर वाटली. पण त्याच पणजोबांच्या ट्रंकेत मरेपर्यंत गालिबचा दीवान होता. अंगावर लादणाऱ्या सत्तेवरचा राग त्यांनी भाषेवर काढला नाही. याच मराठवाड्यातले, निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत असताना उर्दूत मुरले आणि पुढे त्यांनी उर्दू काव्य मराठी वाचकांच्या ओटीत घातलं. मला वाटतं, शहाणपण ते हेच, आणि त्याला फार धीर लागतो.

पंजाबीशी तर आपलं नातं त्याहून जुनं आहे. आपले नामदेव पंढरपूरहून पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा तुझे आजोबा हट्टानं गेले होते. आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो आपल्या नांदेडला. नामदेव कुणाचे, असं घुमानच्या एका म्हाताऱ्या सरदारजींना आजोबांनी विचारलं होतं. त्यांनी उत्तर न देता हात धरून लंगरमध्ये जेवायला नेलं.

भोपाळचं तर विचारूच नकोस. इथले राज्यकर्ते मूळचे पश्तो बोलणारे पठाण, दरबारात फारसी चाले, सिकंदर बेगमनं ती काढून उर्दू आणली, शाहजहान बेगम स्वतः उर्दूत कविता करायच्या, आणि आमच्या काळात मंजूर एहतेशाम यांनी ‘सूखा बरगद’ सारखी कादंबरी हिंदीत लिहिली. बैरागढला गेलीस तर ज्यांचा प्रांतच सीमेपलीकडे राहिला ते सिंधी लोक अजून सिंधी बोलतात.

तर आता कामाचं. भाषणाला अजून वेळ आहे, तेव्हा ते दुसरं पान फाडू नकोस, दुसऱ्या पाठकोऱ्या कागदावर नव्यानं लिही. पहाटे तासभर आधी ऊठ (गजर दोनदा बंद करू नकोस) आणि त्या वेळात उर्दूची लिपी शिक. महागडा क्लास नको, एक साधी वही पुरे. रोज एक अक्षर घोटलंस तरी दीड महिन्यात पाट्या वाचू लागशील. उजवीकडून डावीकडे लिहिताना हात पहिल्यांदा अडखळेल, अडखळू दे. मला ओट्यावर बसून काकांनीच शिकवलं, जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर. ते म्हणत, अक्षर पळवायचं नाही, बसवायचं. भाषा दह्यासारखी लागते गं, रात्रभर तिला हलवायचं नसतं. वसतिगृहातल्या तुझ्या पंजाबी मैत्रिणीलाही विचार, तिची आजी कोणत्या लिपीत पत्र लिहायची. उत्तर ऐकून लगेच काही ठरवू नकोस.

आणखी एक. जनगणनेची माणसं येतील तेव्हा मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतील. मातृभाषा मराठी, यात आपल्या घरात दुमत नाही. माझ्या दोन जागा भरल्या आहेत, हिंदी आणि उर्दू. तुझ्या बाबांनी हिंदी आणि इंग्रजी सांगायचं ठरवलं आहे. तुझ्या दोन कोणत्या ते विचार करून कळव. पुढच्या पत्रात लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आजी

ता. क. बाबांबरोबर शेवेचे लाडू पाठवते आहे. मैत्रिणीला आधी दे.