नाथांनी राखलेला गुरुवार

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आमच्या घरी आरती चालू होती. सूनबाई घंटी वाजवत होती आणि एका कानात इअरफोनचं बोंड होतं. मधेच ती म्हणाली, "येस, आय कॅन हिअर यू." नातू खुदकन हसला, आम्हीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या पोरीबरोबर घर-घर खेळत होता. ती म्हणाली, आज तू आई हो. ह्यानं बुटाचा खोका घेतला, झाकण उभं केलं, समोर बसला आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "चूप!" झाली आई. तेव्हा मात्र आम्हाला हसू आलं नाही.

सूनबाईची कंपनी पुण्याची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दोघं बालाघाटला आली, मुलाला इथेच काम मिळालं आणि हिचं घरूनच चालू राहिलं. देवघराच्या खोलीतच तिचं टेबल, कारण नेट तिथेच नीट येतं. लेकरं डोळ्यांसमोर आहेत, आम्हाला आनंदच. पण टेबल कधी मिटत नाही. रात्री अकराला उठलो तरी खोलीत उजेड असतो.

आमचे सासरे भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. पाळी संपली की टोपीवरचा दिवा दिवाघरात जमा करायचा, मग घरची वाट धरायची. तो दिवा कधी घरी आला नाही. घरी यायचे ते अंगाला माती घेऊन, तीही न्हाणीत धुऊन टाकायचे. सूनबाईचा दिवा कुठे जमा करायचा? खाण तर घरातच आहे.

कोणी म्हणेल, आपले संत तरी कुठे ऑफिसला जात होते? खरंय. तेरच्या गोरोबाकाकांचं चाक अंगणातच होतं. ती कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! बायको पाण्याला गेली, लेकराकडे लक्ष द्या म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवत नामात रंगलेले. लेकरू रांगत चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. कीर्तनकार इथे काकांची तल्लीनता सांगतात आणि आपण माना डोलावतो. पण आम्हा बायकांचं मन त्या पाणवठ्यावरून घागर घेऊन परत येणाऱ्या माउलीपाशी अडकतं. कामाची जागा आणि लेकराची जागा एकच होती, आणि त्या घटकेला लेकराजवळ तिसरं माणूस कोणी नव्हतं. पुढे पंढरपुरात विठ्ठलानं ते लेकरू परत दिलं, कथेत. खोक्यापुढे बसून चूप म्हणणारं आमचं पोरगं मोठं होऊन गेल्यावर त्याची ही संध्याकाळ कोण परत देणार?

आता दुसरी कथा, आणि आज खरं तर हीच सांगायची आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी. मठात बसलेले संन्यासी नव्हेत, देवगिरीचे किल्लेदार! निजामशाहीची चाकरी, राहणं गडावर, म्हणजे त्यांचंही घर आणि कचेरी एकाच तटात. पण गुरुवार दत्तप्रभूंचा. त्या दिवशी गडाची कचेरी बंद असायची, असं परंपरा सांगते. एकदा स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला. नाथांनी काय केलं? गुरूंना हलवून उठवलं नाही. त्यांचं चिलखत अंगावर चढवलं, शस्त्र घेतलं, घोड्यावर बसले आणि लढून शत्रूला परतवलं. मग चिलखत जागच्या जागी ठेवून पुन्हा सेवेला लागले. स्वामींना नंतर कळलं.

आपण ह्यात नाथांचं शौर्य पाहतो. पण स्वामींचा गुरुवार स्वामींनी एकट्यानं पाळला नाही, दाराशी कोणीतरी उभं होतं म्हणून तो पाळला गेला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला, तीही नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्यासाठी कितीतरी वर्षं झगडले तेव्हा. रविवार खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. एकट्या कामगारानं यंत्र थांबवून सुट्टी घेतली असती तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती.

हे मनात घोळलं आणि आमची आम्हालाच लाज वाटली. सून रात्री का जागते? दिवसा आम्ही तिला बसू देतो कुठे! "अगं, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर." "पार्सलवाला आलाय, ओटीपी सांग." "मावशी आल्यात, दोन मिनिटं येऊन पाया पड." त्या दोन मिनिटांचा चहा होतो, चहाचा पोहे. घरीच तर आहे, असं आपण म्हणतो. ती तोंडानं "हो आई" म्हणते आणि बुडालेले तास रात्री भरून काढते. दोष आम्ही कंपनीला देत होतो. कंपनीचाही असेल, पण तिची निम्मी रात्र आम्हीच खाल्ली होती.

आता आमच्याकडे असं ठरलंय. सूनबाई टेबलावर बसली की दार, पार्सल, कुकर आमचं. पाहुण्यांना सांगतो, ती कामावर गेली आहे, सातला येईल. एक काकू म्हणाल्या, अहो, खोलीत दिसते की! दिसू द्या, म्हटलं. सात वाजले की नातू जुन्या खणाचा रुमाल घेऊन जातो आणि लॅपटॉपवर घालतो. मग तिला फोन आला तर यजमान बाहेरून म्हणतात, बाळा, उद्या बोल. महिनाअखेरीस हे सगळं मोडतं, खोटं कशाला सांगायचं. त्या दोन-तीन दिवसांत रुमाल घडीच राहतो आणि नातू तो हातात धरून दाराशी उभा असतो. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा जमतं.

आणि सेवेकरी ताईंनो, आपलंही एक आहे. अन्नदानाची यादी, पारायणाच्या पाळ्या, भाजी कोण आणणार, हे सगळं आपण रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकतो. वाचणारीही कोणाची तरी सून असते, तिचं पोर कुशीत असतं. म्हणून ह्या गुरुवारपासून सेवेचे निरोप संध्याकाळी सातच्या आत टाकू या. रविवारच्या अन्नदानासाठी तांदूळ-डाळ कोण देणार त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावं. सात नंतर आलेलं नाव आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच वहीत लिहू.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥